डबा लपवायचा खेळ

कोर्टाने मुलांना भेटायला दर रविवारी दोन तास दिले होते. जगदीश शिवाजी पार्कात डबा लपवायचा, मुलं शोधायची आणि डब्यातला शिक्का तळहातावर उमटवायची.

"या वेळी तुम्ही लपवा," तो म्हणाला. "इथे नको, इथलं सगळं पाठ झालंय. तुमच्या नव्या घराजवळ. मी शोधतो."

स्वरांगी दचकली. "नाही बाबा. आईने गळ्याची शपथ घातलीय. पत्ता सांगितला तर ती मरेल."

"पत्ता कोण विचारतंय? खेळात नुसत्या खुणा सांगायच्या असतात."

मग काय, दोघं भावंडं चढाओढीने सांगायला लागली. लालबागच्या मसाला गल्लीतून नाक दाबून जायचं. पुढे गणपतीचा कारखाना, त्याला लागून चाळ. वरच्या मजल्यावर निळ्या डब्यात तुळस असलेलं दार. खेळातला डबा तिथेच, चपलांच्या खोक्यात लपवणार.

बुधवारी, मुलं शाळेत असताना, त्याने बेल वाजवली. दार उघडून मुलांची आई जागच्या जागी थिजली.

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणीच नाही," खोक्यातला डबा उचलून स्वतःच्या तळहातावर शिक्का उमटवत जगदीश म्हणाला. "गुणी आहेत पोरं. तुझी शपथ नाही मोडली त्यांनी."

आणि आत येऊन त्याने दाराला कडी घातली.