फाडलेलं पान

अमेरिकेतून राजाध्यक्ष साहेबांचा फोन आला, तेव्हा हेमलताने आधी ड्रॉवर उघडला आणि चुरगळलेलं एक पान काढून टेबलावर सपाट केलं.

"हेमलता मॅडम, इथली यंत्रणा आपल्या तक्त्यातला एकही पत्ता घेत नाही. कॉल पुढे सरकतच नाहीत. क्लायंट समोर बसलाय हो!"

म्हणे मॅडम! दोन वर्षं राबून तिने टेलिफोन एक्स्चेंजांच्या पत्त्यांचा तो तक्ता केला होता. कोणता कॉल कुठे पाठवायचा, हे यंत्रांना त्यावरूनच कळायचं. या माणसाने तिच्या सहीचं शेवटचं पान टराटरा फाडून टोपलीत टाकलं, तक्ता स्वतःच्या नावावर खपवला आणि अमेरिका गाठली. वर सगळ्यांना सांगितलं, "हेमलताने नुसतं टाइप केलंय."

"सांगा ना, काय चुकलं?"

"हा तक्ता भारतापुरताच, साहेब. आपले पत्ते चौदा बिटांचे, तिथले चोवीस. सगळा नव्याने करा. मला दोन वर्षं लागली होती."

"अहो, मग तसं लिहायचं नाही का त्यात?"

"लिहिलं होतं की," पानावरून हात फिरवत ती गोड आवाजात म्हणाली. "शेवटच्या पानावर. माझ्या सहीच्या वर."