सहा डोळ्यांची झडती

“डब्बा खोलो जी,” सब-इन्स्पेक्टर गुरमेल सिंग म्हणाले आणि जीपचे दोन्ही हेडलाइट डॉ. मीनाक्षी बापटांच्या लुनावर वळले.

मीनाक्षीनं काळ्या कापडात गुंडाळलेला डबा पोटाशी धरला. जानेवारीची पहाट होती, दाट धुकं होतं, आणि दिवस असे की ट्रान्झिस्टरमधूनसुद्धा बॉम्ब निघत होते. चंदीगडच्या नाक्यावर ‘उघडणार नाही’ म्हणणं म्हणजे आपल्या पायांनी कोठडीत जाणं. आणि उघडला, तर याही खेपेचा निकाल लागला.

डब्यात बर्फावर बकऱ्यांचे सहा डोळे होते. डोळ्याच्या आतल्या पडद्यात अंधारात पाहणाऱ्या पेशी असतात. त्या किती मंद उजेड टिपतात, हे ती गेली नऊ वर्षं मोजत होती. झगझगीत उजेड एकदा पडला की त्या पेशी कामातून गेल्या. म्हणून खाटकाकडूनही ती मिणमिणत्या लाल दिव्यात डोळे घेऊन येई. एअर फोर्सनं नवऱ्याची तेजपूरला बदली केली तेव्हा तो एकटाच गेला. ही त्या पडद्यापायी मागं राहिली. पण या महिन्यात गुरमेल सिंगांनी तीन डबे हेडलाइटसमोर उघडून तिचे अठरा डोळे वाया घालवले होते. शनिवारी दिल्लीहून समिती येणार होती. आज मोजमाप झालं नाही तर प्रकल्प बंद, आणि मग तिनं खुशाल तेजपूरला जाऊन स्वेटर विणावेत.

“आंखें ही हैं, साहब. पिछली बार भी आंखें ही थीं.”

“आज क्या है, मुझे क्या पता? देखे बिना नहीं छोडूंगा.”

माणूस खमक्या होता. एरवी मीनाक्षीला असे लोक आवडत.

“देखिए ना,” ती म्हणाली. “पर तंबू में. अंगीठी के उजाले में.”

निखाऱ्यांचा तेवढा लाल उजेड पेशींना चालतो, हे तिनं समजावून सांगितलं. गुरमेल सिंग आढेवेढे घेऊ लागले. तंबूत धूर आहे, जागा नाही, जीपच बरी.

“डर गए?” मीनाक्षीनं फार गोड आवाजात विचारलं.

चार शिपाई कान टवकारून उभे होते. साहेबांना आत जाणं भागच पडलं.

तंबूचा पडदा खाली आला. आत हवालदार रामदिया, अंगीठी आणि शेजारी चहाचं पातेलं. डोळे सरावेपर्यंत दहा मिनिटं बसायचं, असा मीनाक्षीनं हुकूम सोडला. पोलिसांना हुकूम सोडायची संधी रोज थोडीच मिळते! पाचव्या मिनिटाला तिला रामदियाच्या मिशा दिसल्या, आठव्याला त्याच्या स्वेटरचं भोक. मग तिनं डबा मांडीवर घेऊन उघडला.

रामदियानं वाकून मोजले. “छह हैं, जनाब. राम राम, सारी मुझे ही घूर रही हैं!”

“हां,” गुरमेल सिंगही रुबाबात वाकले. “छह हैं. बकरे की ही हैं.”

ते चहाच्या पातेल्यात बघत होते.

रामदिया खोकला. त्या खोकल्याची साहेबांना चांगली सवय असावी, कारण त्यांनी लगेच मान फिरवली आणि या वेळी ते तंबूच्या खांबाकडे बघू लागले. मीनाक्षीनं डबा लावून घेतला, कापड घट्ट गुंडाळलं. तिला हसू फुटत होतं. पण त्यांचा चाचपडणारा हात दिसला आणि ते ओठांवरच विरलं.

“कब से?” तिनं हळूच विचारलं.



“दो साल,” गुरमेल सिंग म्हणाले. सगळा रुबाब उतरला होता. “अंधेरा हुआ कि सब खतम. रामदिया संभाल लेता है. ऊपर पता चला तो वर्दी गई, मॅडम जी. दो कुडियां हैं, बेटियां, ब्याहनी हैं.”

मीनाक्षीला त्यांची दया आली. स्वतःचा रागही आला. रातांधळेपणाच्या ज्या दुखण्याचं मूळ ती नऊ वर्षं बकऱ्यांच्या डोळ्यांत शोधत होती, ते महिनाभर जीप लावून तिच्या वाटेत उभं होतं आणि ती त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होती.

रात्रीची ड्यूटी आजच्या आज सोडा, दिवसाची मागून घ्या, तिनं बजावलं. आणि रविवारी माझ्या प्रयोगशाळेत या.

गुरमेल सिंगांचा हात चटकन आपल्या डोळ्यांवर गेला. “निकालोगी?”

छे हो, काढायचे कशाला, मीनाक्षी म्हणाली. नऊ वर्षं बकऱ्यांना विचारतेय, अंधारात काय दिसतं म्हणून, आजवर एकानंही तोंड उघडलेलं नाही. तुम्ही निदान बोलता तरी.