डावीकडची जागा

गेल्या वर्षीच्या नेमबाजीच्या सामन्यात सकलैनभाईंच्या रायफलीतून उडालेली काडतुसाची गरम पुंगळी उजवीकडच्या मुनिबाच्या मानेवर पडली. ती दचकली, नेम चुकला, पदक गेलं. “रायफल आपोआप पुंगळी फेकते, त्याला मी काय करू?” असं म्हणत ते सोहार शहरभर हसत फिरले.

यंदा मुनिबानं हट्टानं त्यांच्या डावीकडची जागा मागून घेतली.

रांगेत कुठेही बार झाला, की सकलैनभाई मान आखडून घ्यायचे आणि गोळी भलतीकडे जायची. शेवटची गोळी झाडून ते तिच्यावर खेकसले, “खलास! तुझ्या पुंगळ्यांनी वाट लावली माझी!”

“माझ्या कुठल्या, भाई?” मुनिबानं आत्ता कुठे रायफल खांद्याला लावली. “मी अजून एकही गोळी झाडलेली नाही.”