तीनच्या पुढचे शून्य

हेरंबरावांनी जुना कॉम्प्युटर सुरू करून तराजूचा खेळ उघडला. शाळेच्या मुलांसाठी त्यांनीच तो ॲक्शनस्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिला होता. पारड्यात वजनं टाकली की बायकोचा, शरयूचा, आवाज बेरीज वाचून दाखवायचा. आवाज घुमू नये म्हणून तिने डोक्यावरून चादर घेऊन शून्य ते नऊ आकडे आणि ‘पूर्णांक’ हा शब्द माइकमध्ये म्हटले होते.

तेव्हा पहिल्याच बेरजेला गडबड झाली. पॉइंट एक आणि पॉइंट दोन मिळून मशीनने तीनपुढे शून्यांची रांगच लावली आणि शेवटी कुठून तरी एक चार आणून टेकवला.

“अहो, किती बोलायला लावताय मला?” शरयू हसत म्हणाली होती. त्यांनी लगेच दोनच दशांश स्थळं ठेवणारी ओळ लिहून टाकली.

शरयूला जाऊन आता वर्ष होत आलं. आज त्यांनी ती ओळ पुसली आणि दोन्ही वजनं पारड्यात टाकली.

“शून्य पूर्णांक तीन शून्य शून्य शून्य…”

तेवढ्यात मुलीचा फोन आला. “बाबा, घरात कोण बोलतंय?”

“थांब जरा,” ते म्हणाले, “तिचं होऊ दे.”