अठ्ठ्याऐंशीवर अडलेला काटा

“खरं सांगा मॅडम, चोरून गोड खाता ना?”

डॉ. हितेश हसत विचारत होते, पण त्यांची नजर संगणकावरच्या आलेखावर होती. आलेखाची रेघ आधी भराभर खाली उतरली होती आणि गेले तीन महिने आडवी पडली होती. अठ्ठ्याऐंशी किलो.

“नाही खात,” आश्लेषा म्हणाली.

“मग वजन उतरायला हवं. पोट लहान करायच्या ऑपरेशनला वर्ष झालं. एव्हाना माझे पेशंट ठरलेल्या आकड्याच्याही खाली जातात. आपलं ऐंशीचं ठरलं होतं.”

“ती रोज किनाऱ्यावर चालते, डॉक्टर,” शेजारच्या खुर्चीवरून मृणाली म्हणाली. “जेमतेम वाटीभर जेवते. मी घरातच असते, मला दिसतं ना.”

“तुम्ही धाकट्या बहीण, तुम्ही बाजू घेणारच.” डॉक्टरांनी फाईल मिटली. “पुढच्या महिन्यात आमच्या मोठ्या मॅडम बघतील. तोवर जरा जोर लावा.”

दोघींनी पनवेलहून श्रीवर्धनची एसटी धरली. आश्लेषा खिडकीशी बसली. माणगावला गाडी थांबली तेव्हा मृणालीने खाली उतरून तिच्यासाठी शहाळं आणलं. आश्लेषाने दोन घोट घेतले आणि उरलेलं तिच्यापुढे केलं. मृणालीने मान हलवली.

“तू घे गं. मला नको.”

आश्लेषा शाळेत गणित शिकवायची. लहानपणापासून अंगाने भरलेली. तिला स्वतःला त्याचं कधी फारसं काही वाटलं नव्हतं. बेचाळीस वर्षं ती त्या देहात मजेत राहिली होती. आईवडिलांमागे सुपारीची वाडी सांभाळली होती, शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचलीही होती. मग गेल्या वर्षी अचानक तिने ऑपरेशन करून घेतलं. गुडघ्यांसाठी, असं तिने शाळेत सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. या वयात बाईंना बारीक व्हायचा सोस लागला, असं शिक्षकखोलीत ठरलं.

त्याच सुमारास मृणाली पुण्याची नोकरी सोडून ताईकडे राहायला आली. तिचं गावात कौतुकच झालं. स्वयंपाक तीच करायची. ताईचं पथ्याचं वेगळं शिजवायची आणि स्वतःही तिच्यासोबत अळणी जेवायची.

शेजारच्या गोदूकाकू कुंपणापाशी उभ्या राहून दोघींना न्याहाळत. “एका आईच्या पोटच्या ना गं तुम्ही? ही बघ कशी शेलाटी. आणि तू पोट कापून घेतलंस तरी हाय जाडीच!”

आश्लेषा हसून साजरं करायची. मृणाली मात्र घरात निघून जायची.

त्या महिन्यात आश्लेषाने खरोखरच जोर लावला. जीवनाबंदरापर्यंत चालायची ती आता त्याच्याही पुढे जाऊन परत येऊ लागली. दुपारची वाटी अर्धी झाली, मग रात्रीची बंदच झाली. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. अठ्ठ्याऐंशीवरून काटा सत्त्याऐंशीवर आला, चार दिवस तिथे राहिला आणि पुन्हा वर चढला.

एके दिवशी नववीच्या वर्गात फळ्यावर गणित मांडताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलींनी धरून खाली बसवलं. मृणाली रिक्षाने धावत आली, तेव्हा आश्लेषा मुख्याध्यापकांच्या खोलीत बाकावर आडवी झाली होती.

“बस झालं, ताई,” घरी आल्यावर मृणाली म्हणाली. “नाही उतरत तर नाही उतरत. सोडून दे. आपण सांगू त्यांना, जमत नाही म्हणून.”

“तू गप्प बस.”

“तुला काही झालं म्हणजे?”

“मला काय होतंय? आठ किलो तर राहिलेत. चाळीस उतरवले, आठ नाही उतरवणार?”

“मला नाही बघवत, ताई.”

“मग बघू नकोस,” आश्लेषा म्हणाली, आणि तिला जवळ ओढून बराच वेळ तशीच बसून राहिली.

मोठ्या मॅडमच्या तपासणीच्या दिवशी ती कानातलीसुद्धा काढून काट्यावर चढली. अठ्ठ्याऐंशी. परिचारिकेने आकडा मोठ्याने वाचला. आश्लेषाने डोळे मिटून घेतले.

मोठ्या मॅडम साठीच्या होत्या. बाजूला डॉ. हितेश उभे होते. मॅडम तपासण्यांचे कागद सावकाश वाचत होत्या. तेवढी शांतता आश्लेषाला सोसेना.

“मॅडम, मला अजून एक महिना द्या,” ती म्हणाली. “मी एक वेळचं जेवण पूर्ण सोडलंय. दुसरंही कमी करीन.”

मॅडमनी चष्मा काढला. “उपाशी राहायला कोणी सांगितलं तुम्हाला?”

डॉ. हितेश खाली बघू लागले.

“ऐंशी हा आमचा अंदाज होता, आश्लेषाताई. काहींचं शरीर अंदाजाच्या पुढे जातं, काहींचं अलीकडे थांबतं. यात तुमची काही चूक नाही. साखर नाही, रक्तदाब उत्तम, हृदय ठणठणीत. मला जे हवं होतं ते तुम्ही केव्हाच केलंय. आता एक किलोसुद्धा कमी करायचं नाही. आजपासून पोटभर, म्हणजे तुमच्या पोटाला भरेल तेवढं, व्यवस्थित जेवायचं.”

आश्लेषाला आधी कळलंच नाही. मग तिच्या तोंडून हुंदका आला आणि पाठोपाठ हसू. वर्षभर छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी अलगद उचलून घेतल्यासारखं तिला झालं. मृणालीने तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. तीही रडत होती.

“चला, आता तारीख ठरवू,” म्हणत मॅडम पहिल्यांदाच मृणालीकडे वळल्या. “तुझ्या किडन्या आता फार दिवस काम करणार नाहीत, बाळा. ताईची एक पुढच्या महिन्यात तुला बसवू.”