तांदळाचा समुद्र

वर्षाच्या पहिल्या सकाळी तांदळाचा रांजण काठोकाठ भरलेला असावा लागतो. न्यानआजीनं तो आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं भरला होता. आता तो अर्धा रिकामा होता, आणि बाकीचा तांदूळ बैठकीच्या फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरला होता. आजी आतल्या दारातच थबकली.

तांदळात घरभरातल्या चपला तरंगत होत्या. तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणासाठी आणलेली पिवळ्या फुलांची फांदी पार ओरबाडलेली, आणि फुलं चपलांच्या मागेपुढे टाकलेली. मधोमध चार वर्षांची तेप बसली होती, डोक्यावर गाळणी घालून, भाताच्या डावानं वल्हवत.

"आजी, थांब! पुढे पाणी आहे."

सून थोम चुलीपुढून धावत आली आणि खाली बसून ओंजळीनं तांदूळ गोळा करायला लागली.

"हात नको लावूस!" आजी कुजबुजली. "आज केर काढतात का कुणी? झाडूनं लोट नाहीतर हातानं लोट, नशीबच जायचं घरातलं बाहेर."

"अहो आई, पण ख्वातआजोबा येतीलच आता."

"येऊ देत की! बघू देत आमचा रिकामा रांजण!"

हेसुद्धा तिला हळूच म्हणावं लागलं. पहिल्या दिवशी ओरडलं तर वर्षभर घरात आरडाओरडा. पोराला रडवलं तर वर्षभर रडं. ज्यानं कुणी हे नियम केले त्याला नात नसावी. आजीनं दात आवळले, तोंडभर हसली आणि म्हणाली, "किती गं माझी गुणाची बाय ती! किती गं सोन्याचे हात!"

तेपला ते अगदी खरं वाटलं. तिनं खुशीनं आणखी एक वाटी ओतली.

आजीचा जीव तांदळासाठी तुटत नव्हता. तिचा मुलगा लाम, तेपचा बाप, सणालाही बोटीवरच होता आणि चार दिवस त्याचा काही निरोप नव्हता. वर्षाचा पहिला पाहुणा जसा घरात येतो, जे बोलतो, तसं वर्ष जातं. म्हणून तिनं ख्वातआजोबांना मुद्दाम बोलावणं धाडलं होतं. वय ऐंशी, बायको हयात, पाच मुलगे, पाचही दर्यावर जाणारे आणि पाचही परत येणारे. असा माणूस उंबरा ओलांडून चांगलं बोलला की पोरगा सुखरूप, असं तिनं मनाशी धरलं होतं. एकच तर गोष्ट नीट व्हायला हवी होती.

बाहेरच्या दारात काठी वाजली. नवा काळा झगा घातलेले ख्वातआजोबा उंबऱ्यापाशी आले, आत पाहिलं आणि तिथंच उभे राहिले.

"दादा, पोरीनं जरा..." आजी सांगायला लागली.

आजोबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. "हे काय गं?" त्यांनी तेपला विचारलं.

"समुद्र."

"खोल आहे का?"

"तुमच्या गळ्यापर्यंत."

"आणि मला तर पोहता येत नाही आता. येऊ कसा?"

तेपनं त्यांना वरपासून खालपर्यंत मापलं. "चपलेत नाही मावणार तुम्ही. टोपलीत बसा."

कोपऱ्यात मासळी वाळवायची मोठी पसरट टोपली होती. थोमनं सासूकडे पाहिलं, सासूनं डोळे मिटून घेतले. मग थोमनंच ती दाराशी सरकवली. ख्वातआजोबांनी झगा गोळा केला, कण्हत कण्हत आत बसले आणि काठी वल्ह्यासारखी धरली. मायलेकी ओढायला लागल्या. तांदूळ करकरत होता. निम्म्या वाटेत आजोबा एकदम ओरडले, "लाट आली, लाट!" आणि असे डोलले की थोमला हसूच आवरेना. चार दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती.

पलीकडे पोचल्यावर ते गुडघे दाबत उठले. "न्यान, साठ वर्षं मी लोकांकडे पहिला पाहुणा म्हणून जातोय. सगळ्यांचा तांदूळ रांजणात झाकण लावून बसलेला असतो. दारापर्यंत सामोरा आलेला आजच पाहिला."

बोलणं चांगलंच होतं. आजीनं हात जोडले, पण तिची नजर खाली चपलांवरून फिरत होती. विचारू नये असं वाटत असतानाच तिनं विचारलं.

"तेपे, ह्यातली तुझ्या बाबाची होडी कुठली गं?"

थोमचं हसू थांबलं.

"ह्यात नाहीये," तेप म्हणाली.

 आजीनं दाराची चौकट धरली.

"असं काय करतेस आजी? त्याची कधीच लागली किनाऱ्याला. ती बघ ना."

पाहुण्यांसाठी फराळ मांडलेल्या टेबलाखाली एक भलीमोठी निळी रबरी चप्पल होती. तिच्यापुढे बशी, बशीत चिमूटभर तांदूळ आणि एक पिवळं फूल.

"बाबा जेवतोय," तेप म्हणाली.

आजी त्या चपलेकडे बघत राहिली. मग तिनं पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढला, पाय उचलून पाण्यात टाकला आणि सरळ समुद्र तुडवत टेबलापाशी जाऊन बसली.

"थोम, बघत काय उभी राहिलीस?" ती म्हणाली. "विचार त्याला, आणखी वाढू का?"