हेरंबची चरबी

डॉक्टरांनी मृदुलाची नाडी दोनदा मोजली. "हे रोज पळणाऱ्या माणसाचं हृदय आहे," ते म्हणाले. "आता मोठी शस्त्रक्रियाही झेपेल."

मृदुला अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचा भाऊ हेरंब सहा महिने रोज रंकाळा तलावाभोवती पळाला. मग त्याच्या पोटावरची मूठभर चरबी काढून तिच्या कातडीखाली बसवली. व्यायामानं बदललेली ती चरबी तेव्हापासून तिच्या रक्तात हृदयाला बळ देणारे संदेश सोडत होती.

डॉक्टर गेल्यावर तिनं डोळे मिटले. श्वास लांब, संथ चालला होता.

"दादा, पळताना तुलाही असंच वाटायचं? धुक्यातून कुणी अलगद पुढं नेतंय असं?"

हेरंबला आठवली ती फक्त धाप आणि दुखणाऱ्या पोटऱ्या.

"नाही गं," तो तिच्या उशाशी बसत म्हणाला. "कसं वाटतं ते तूच सांग."